‘फर्मली’ आणि ‘ठामपणें’

भाषेंतील मोठमोठे शब्द आपण जपून वापरतों. लहानसहान शब्दांकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. क्रियाविशेषण हें असेंच एक दुर्लक्षित पोर होय. नाम आणि क्रियापद हीं घरांतलीं कर्तीं माणसें. क्रियाविशेषण आपलें कोपऱ्यांत उभें. परंतु पुष्कळदां सगळ्या वाक्याचा भार त्या कोपऱ्यांतल्या पोरावरच येऊन पडतो. इंग्रजींतील ‘फर्मली’ हा शब्द त्यांपैकींच एक आहे. शाळेच्या पुस्तकांत, न्यायालयाच्या निकालांत, सरकारी पत्रव्यवहारांत आणि सुशिक्षित घरांतील रोजच्या बोलण्यांतहि तो वरचेवर येतो. आणि इतका वरचेवर येतो कीं, त्याचा नेमका अर्थ काय, हें विचारण्याची गरजच कोणास भासत नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत डोणगांव नांवाचें गांव आहे. तेथील शाळेंत इंग्रजी शिकणाऱ्या एखाद्या मुलापुढें तीन वाक्यें ठेवावीं. पहिलें : शेतकऱ्यानें बैलाचा खुंटा ‘फर्मली’ रोविला. दुसरें : पंच न्याय देतील, असा म्हातारीचा ‘फर्मली’ विश्वास होता. तिसरें : आज अंगणांत जावयाचें नाहीं, असें आजीनें आजारी नातवाला ‘फर्मली’ सांगितलें. मुलगा कोश उघडतो. त्यांत ‘दृढतेनें’ हा अर्थ पहिल्यानें सांपडतो. आणि तोच तिन्ही ठिकाणीं चिकटवून तो मोकळा होतो. मग खुंटा दृढतेनें रोविला जातो, म्हातारी दृढतेनें विश्वास ठेवते, आणि आजीहि दृढतेनें बोलूं लागते. व्याकरण चुकलें असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु अशी मराठी डोणगांवांत कोणी बोलत नाहीं, आणि पुण्या-मुंबईकडेहि कोणी बोलत नाहीं. खुंटा घट्ट रोवतात, विश्वास ठाम असतो, आणि आजी निक्षून सांगते.

वरवर पाहतां हे तीन अर्थ निराळे वाटले, तरी त्यांच्या पोटांत कल्पना एकच आहे. जागेवरून न हलणें, ही ती कल्पना होय. खुंटा जमिनींतून हलत नाहीं, विश्वास मनांतून हलत नाहीं, आणि आजी आपल्या शब्दावरून हलत नाहीं. इंग्रजीनें ह्या तिन्ही प्रकारांस एकच शब्द पुरविला. मराठीनें वस्तूस, मनास आणि वाणीस वेगवेगळे शब्द दिले. ह्यांत कोणती भाषा श्रीमंत आणि कोणती दरिद्री, हा प्रश्न उद्भवत नाहीं. भाषांतर करणारानें मात्र आधीं इतकेंच पाहावें कीं, वाक्यांत न हलणारें काय आहे : वस्तु, मन, कीं वाणी? हें एकदां ठरलें म्हणजे योग्य मराठी शब्द आपण होऊन पुढें येतो.

खुंट्याचें उदाहरण थोडें लांबविण्यासारखें आहे. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत सुकून आकसते व तिला मोठमोठ्या भेगा पडतात. अशा जमिनींत वरवर ठोकलेला खुंटा कितीहि जोरानें ठोकलेला असो, ऋतु पालटला कीं डुगडुगूं लागतो. म्हणूनच ह्या भागांतील जाणता गवंडी काळी माती काढून घराचा पाया खालच्या मुरमापर्यंत नेतो. जोर निराळा आणि घट्टपणा निराळा, हें तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

इंग्रजींत हाच भेद ‘स्ट्राँगली’ आणि ‘फर्मली’ ह्या दोन शब्दांत आहे, आणि आपल्याकडील चांगलीं शिकलेलीं माणसेंहि येथेंच घोटाळा करतात. ‘स्ट्राँगली’ म्हणजे जोरानें. ‘फर्मली’ म्हणजे न हलतां. एखाद्या ठरावाला ‘स्ट्राँगली’ विरोध करणारा सभासद टेबलावर हात आपटील, आवाज चढवील, आणि कदाचित् पुढच्या सभेंत मतहि बदलील. ‘फर्मली’ विरोध करणारा सभासद आवाज न चढवितां आपलें मत देईल, आणि वर्षानें विचारलें तरी तेंच सांगेल. ‘जेंटली बट फर्मली’ हा इंग्रजी भाषेंतील आवडता प्रयोग ह्याच कारणानें शक्य होतो. सौम्यतेचें आणि जोराचें जमत नाहीं. परंतु सौम्यता आणि अढळपणा हीं दोन्ही एका घरांत सुखानें नांदूं शकतात.

आतां ह्या शब्दाचें कुळ पाहूं. त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘फिर्मुस्’ ह्या शब्दांत आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्या शब्दाचें नातें आपल्या ‘धृ’ ह्या धातूशीं जोडतात. धृ म्हणजे धरणें, धारण करणें. धर्म, धैर्य, धृति, निर्धार हीं सर्व त्या धातूचींच लेंकरें. तेव्हां ‘फर्मली’चें भाषांतर ‘निर्धारानें’ असें जेव्हां आपण करतों, तेव्हां फार दिवस दूर राहिलेल्या दोन भावांची नकळत भेट घडवून आणीत असतों. ह्या लॅटिन शब्दाचा परिवारहि मोठा गमतीचा आहे. नोकरी किंवा आगगाडींतील जागा ‘कन्फर्म’ झाली म्हणजे ती पक्की झाली. ‘इन्फर्म’ म्हणजे ज्याच्या देहांत स्थिरता उरली नाहीं असा दुर्बळ मनुष्य. आणि अशा माणसांची शुश्रूषा करण्याची जागा ती ‘इन्फर्मरी’. व्यापारी पेढीला ‘फर्म’ म्हणतात, त्याचें कारण इटालियन भाषेंत ‘फिर्मा’ म्हणजे सही, आणि व्यवहार पक्का होतो तो सहीनें. इतकेंच नव्हे, तर शेतवाडीला लावला जाणारा ‘फार्म’ हा शब्दहि ह्याच घराण्यांतला असून त्याचा जुना अर्थ ठराविक पट्टी, म्हणजे आपल्याकडील मक्ता, असा होता. मात्र ‘फर्मान’ हा शब्द ऐकून त्यालाहि कोणी ह्या पंक्तीस बसवूं नये. तो फारसी असून त्याचें मूळ वेगळें आहे.

‘फर्मली’च्या शेजारीं राहणारे दुसरे चार शब्द ह्याच अर्थाचे म्हणून शिकविले जातात, परंतु प्रत्येकाच्या अंगावर निराळा गंध आहे. ‘स्टेडफास्टली’ ह्यांतील ‘स्टेड’ म्हणजे जागा आणि ‘फास्ट’ म्हणजे घट्ट. आपला ‘ठाम’ हा शब्दहि ‘स्था’ धातूपासून आलेला असून जुन्या मराठींत त्याचा अर्थ जागा, ठिकाण असाच होता. ठाव, ठाण, ठिकाण हीं त्याचींच भावंडें. ‘स्टेड’ आणि ‘स्था’ हीं एकाच मूळ धातूचीं रूपें असल्यामुळें ‘स्टेडफास्टली’ आणि ‘ठामपणें’ ह्यांच्याइतकी जुळणारी जोडी क्वचितच सांपडेल. येथील ‘फास्ट’ शब्दाचा ‘जलद’ हा अर्थ मागाहूनचा आहे. त्याचा मूळचा अर्थ घट्ट, पक्का हा होय. कापडाचा रंग ‘फास्ट’ आहे असें दुकानदार म्हणतो, तेव्हां तो धांवत नाहीं, असेंच त्याला सांगावयाचें असतें.

‘अ‍ॅडमंटली’ हा शब्द ग्रीक ‘अदमास’वरून आला. ज्याचें दमन करतां येत नाहीं तें अदमास. म्हणजे अक्षरशः आपलें ‘अदम्य’. हिऱ्याला इंग्रजींत ‘डायमंड’ म्हणतात तेंहि ह्याच शब्दावरून, आणि आपणहि हिऱ्याला ‘वज्र’ म्हणतों. ‘स्टाँचली’ ह्यांत मुळांत पाणी न गळणाऱ्या नावेची कल्पना आहे. म्हणून हा शब्द विशेषतः मित्राच्या किंवा अनुयायाच्या निष्ठेला शोभतो. ‘रेझोल्यूटली’ची कथा तर उलटी आहे. त्याच्या मुळाशीं सोडणें, उकलणें हा अर्थ आहे. मनांतील शंकेच्या गांठी उकलल्यावर जो उरतो तो निश्चय, असा त्यांतील भाव आहे. ज्यानें शंका कधीं घेतलीच नाहीं, त्याच्या निश्चयाला हा शब्द खरोखर लागू पडत नाहीं.

वाक्यांत ‘फर्मली’ कोठें बसवावें, ह्याचाहि थोडा विचार केला पाहिजे. मनाच्या व्यापारासंबंधीं असतां तें बहुधा क्रियापदाच्या आधीं येतें. ‘आय फर्मली बिलीव्ह’ असें म्हणतात. वस्तूसंबंधीं असतां तें बहुधा शेवटीं जातें. ‘होल्ड द रोप फर्मली’, म्हणजे दोर घट्ट धर. ‘स्टँड फर्म’ ह्या प्रयोगांत शेवटचें ‘ली’ गळतें, आणि तें मुद्दाम जोडलें तर अर्थ बदलतो. ‘स्टँड फर्मली’ म्हणजे पाय नीट रोवून उभा राहा. ‘स्टँड फर्म’ म्हणजे माघार घेऊं नकोस. आणखी एक गोष्ट अशी कीं, ‘फर्मली बिलीव्ह’ म्हणतात, पण ‘फर्मली थिंक’ म्हटलेलें कानाला खटकतें. विचार करणें म्हणजे मनाचें चालणें. विश्वास म्हणजे मनाचें एका जागीं बसणें. चालणाऱ्याला ‘स्थिर’ कसें म्हणावें? मराठी वर्तमानपत्रांत अलीकडे ‘मला ठामपणें वाटतें’ असा जो प्रयोग वारंवार दिसतो, त्यांत नेमका हाच दोष आहे. ‘वाटणें’ ही क्रिया स्वभावानेंच मवाळ. ज्याला वाटतें त्याला उद्यां दुसरें कांहीं वाटूं शकतें. ठामपणा मताला शोभतो. ‘माझें ठाम मत आहे’ असें म्हणावें, नाहीं तर सरळ ‘मला वाटतें’ असें म्हणून थांबावें.

मराठीची स्वतःची सामग्रीहि येथें तपासून घेण्यासारखी आहे. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला आणि कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां वऱ्हाड प्रांत निजामाच्या अमलांत होता. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि त्यानंतर इंग्रजी शिक्षणाचा वारा त्या बाजूच्या खेड्यापाड्यांकडे हळूहळू वाहूं लागला. परंतु इंग्रजी येण्याच्या पूर्वींहि आपलीं माणसें ठासून बोलत होतींच. ‘ठासून’ हा शब्द दारू ठासण्याच्या क्रियेशीं जोडलेला आहे. ठासणीच्या बंदुकींत दारू आणि गोळी गजानें दाबून भरीत, तसा शब्द ऐकणाराच्या मनांत दाबून बसवावयाचा, हा त्यांतील अर्थ. ‘ठणकावून’ ह्या शब्दांत धातूचा आवाज आहे. तें बोलणें चार लोकांच्या कानांवर जावें अशी इच्छा त्यांत असते. ‘बजावून’ ह्यांत पुढच्या परिणामाची सूचना आहे. ‘निक्षून’ ह्यांत आवाज नाहीं, धमकी नाहीं; फक्त दुसऱ्या अर्थाला जागा ठेवलेली नाहीं. म्हणूनच आजीच्या सांगण्याला हा शब्द शोभला. ‘कटाक्षानें’ हा शब्द बोलण्याचा नसून पाळण्याचा आहे. नियम कटाक्षानें पाळतात. एका ‘फर्मली’साठीं इतके पर्याय घरांत असतां प्रत्येक वेळीं ‘दृढतेनें’ हा एकच शब्द पुढें करणें म्हणजे भरल्या कोठाराच्या दारांत उपाशी बसणें होय.

येथपर्यंत विचार झाला तो शब्दाचा. परंतु त्या शब्दाच्या पाठीमागें जो गुण उभा आहे, त्याचा विचार केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. ठामपणा कोठें संपतो आणि हट्ट कोठें सुरू होतो, हा तो खरा प्रश्न. बर्ट्रंड रसेल ह्या इंग्रज तत्त्वज्ञानें १९४८ सालीं बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ ह्या नभोवाणीच्या कार्यक्रमांत ह्यावर मार्मिक विनोद केला होता. एकच गुण मनुष्य स्वतःमध्यें पाहतो तेव्हां त्याला ‘फर्म’ म्हणतो, समोरच्या माणसांत पाहतो तेव्हां ‘हट्टी’ म्हणतो, आणि गैरहजर असलेल्या तिसऱ्यांत पाहतो तेव्हां त्याला अडेलतट्टू मूर्ख ठरवितो, असा त्याचा आशय होता. हंसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाहीं. भगवद्गीतेंतहि ‘दृढ’ हा एकच शब्द दोन्ही बाजूंस आलेला आहे. बाराव्या अध्यायांत भक्ताच्या लक्षणांत ‘दृढनिश्चय’ हें विशेषण आहे. आणि सहाव्या अध्यायांत मनाला आवरणें किती कठीण आहे हें सांगतांना अर्जुन त्या मनालाहि ‘दृढ’च म्हणतो. एक दृढता साधनेनें मिळवावयाची, आणि दुसरी साधनेनें जिंकावयाची. शब्द एकच, परंतु वस्तु दोन.

हा भेद ज्यांनीं व्यवहारांत उतरवून दाखविला, त्यांत गांधीजींचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. दक्षिण आफ्रिकेंतील आपल्या लढ्याला योग्य नांव मिळावें म्हणून ‘इंडियन ओपिनियन’ ह्या पत्रांतून त्यांनीं वाचकांकडून नांवें मागविलीं. मगनलाल गांधी यांनीं ‘सदाग्रह’ हा शब्द सुचविला, आणि १९०८ च्या आरंभीं गांधीजींनीं तो बदलून ‘सत्याग्रह’ असा केला. ह्या नांवाचा अर्थ इंग्रजी वाचकांना समजावून देतांना ‘आग्रह’ ह्या शब्दासाठीं ‘फर्मनेस’ हाच इंग्रजी शब्द योजिलेला आहे. म्हणजे आग्रह हा मुळांत वाईट नव्हे. तो कशाला धरून आहे ह्यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. सत्याला धरून असेल तर सत्याग्रह, अहंकाराला धरून असेल तर दुराग्रह. डोणगांवच्या लोकांना ह्याचें उदाहरण शोधण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. १९३० सालच्या जुलै महिन्यांत लोकनायक बापूजी अणे यांनीं वऱ्हाडांतच, पुसद येथें, जंगलांतील गवत कापून कायदा मोडला आणि शिक्षा पत्करली. गवत कापावयाला जोर तो किती लागणार? परंतु परिणाम ठाऊक असतां, उघडपणें, विळा हातीं घेण्याला जें लागतें, त्याचेंच नांव ठामपणा.

ठामपणाला क्रियाविशेषणाची गरज लागतेच असें नाहीं. २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत ज्यूरीनें लोकमान्य टिळकांना दोषी ठरविलें. त्यानंतर लोकमान्यांनीं जें लहानसें निवेदन केलें, त्यांत आपण निर्दोष आहों हें सांगण्यासाठीं त्यांनीं ‘मेंटेन’ हें एक साधें क्रियापद वापरलें. ह्या शब्दाचा मूळ अर्थ हातांत धरून ठेवणें असा आहे. ‘फर्मली’ नाहीं, ‘स्ट्राँगली’ नाहीं. तरीहि त्या वाक्याइतकें अढळ वाक्य त्या न्यायालयानें क्वचितच ऐकलें असेल. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मंडालेचा तुरुंग आला, परंतु तें क्रियापद हाललें नाहीं. पुढें १९५६ सालीं तेंच निवेदन त्याच न्यायालयांत शिलालेख म्हणून लावण्यांत आलें.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवलें येथें त्यांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशा आशयाची घोषणा केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. ह्या काळांत त्यांनीं अभ्यास केला, चर्चा केली, निरनिराळ्या धर्मांचा विचार केला; मूळचा निश्चय मात्र ढळला नाहीं. हट्टी मनुष्य विचार बंद करून निश्चय टिकवितो. ठाम मनुष्य विचार चालू ठेवून निश्चय टिकवितो. खुंटा आणि मुरूम ह्यांचा जो संबंध, तोच निश्चय आणि अभ्यास ह्यांचा.

शेवटीं ह्या शब्दाच्या एका भावंडाची ओळख करून देणें अवश्य आहे; कारण त्याची गांठ प्रत्येक घराला कधीं ना कधीं पडते. तो शब्द म्हणजे ‘अफर्म’. पूर्वीं न्यायालयांत साक्षीदाराला गंगाजलाची किंवा कुराणाची शपथ देत असत. १८४० च्या कायद्यानें हिंदु आणि मुसलमान साक्षीदारांसाठीं ती पद्धति बंद झाली, आणि तिच्या जागीं ‘सॉलेम्‌नली अफर्म’ करण्याची रीति आली. ह्यांत वस्तु साक्षीला नाहीं. स्वतःचा शब्द स्वतःच घट्ट करावयाचा. भारताच्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचींतहि ईश्वरसाक्ष शपथ आणि हें ‘अफर्म’ करणें असे दोन पर्याय दिलेले असून, दुसऱ्याचें मराठी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असें केलेलें आहे. उद्देशिकेंतील ‘सॉलेम्‌नली रिझॉल्व्ह्‌ड’ ह्याचें मराठी मात्र ‘संकल्पपूर्वक निर्धार’ असें झालें. इंग्रजी क्रियाविशेषण एकच. कथनाच्या वेळीं तें गांभीर्य झालें आणि निर्धाराच्या वेळीं संकल्प झालें. भाषांतरकारांनीं कोशाकडे न पाहतां प्रसंगाकडे पाहिलें, ह्याचा हा उत्तम दाखला आहे.

तहसील कचेरींत प्रतिज्ञापत्रावर सही करणारा गृहस्थ पुष्कळदां तो छापील मजकूर वाचीत सुद्धां नाहीं. लेखनिक बोट ठेवतो तेथें तो नांव लिहून मोकळा होतो. परंतु त्या छापील ओळीचा अर्थ असा आहे कीं, ‘खालीं जें लिहिलें आहे त्यावरून मी हलणार नाहीं.’ असें लिहून देण्यापूर्वीं तो मजकूर खरा आहे कीं नाहीं हें पाहणें, म्हणजेच खुंटा मुरमापर्यंत पोंचला आहे कीं नाहीं हें पाहणें होय. मुलांना ‘फर्मली’ ह्या शब्दाचा अर्थ शिकवितांना आईबापांनीं आणि शिक्षकांनीं इतकें जरी सांगितलें, कीं बाळांनो, हा शब्द मोठ्यानें बोलण्याचा नव्हे, खोल जाण्याचा आहे, तरी कोशाचें निम्में काम झालें असें समजावें.